विझागची कुरसुरा पाणबुडी : बेळगावहून एवढ्या लांब जाऊन बघण्यासारखी आहे का?

लोंढा_जंक्शन
मंडळी, पर्यटनाच्या जुन्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की विझागची (म्हणजे विशाखापट्टणमची) पाणबुडी म्हणजे एका दारातनं आत, दुसऱ्या दारातनं बाहेर, पाच मिनिटांत खेळ खल्लास. ते वाचून राहवलं नाही म्हणून हा वेगळा धागा. आत्ताच घरच्यांना घेऊन जाऊन आलोय आणि माझं म्हणणं एवढंच की लोक तिथं जाऊन नको ते बघतात. टॉर्पेडो (पाण्याखालनं शत्रूच्या जहाजावर सोडायचं अस्त्र) बघतात, पेरिस्कोपपाशी फोटो काढतात, सुटले. खरी पाणबुडी पायाखाली असते, म्हणजे बॅटरी, आणि तिकडं कुणी ढुंकूनही बघत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयएनएस कुरसुरा ही सोव्हिएत बनावटीची फॉक्सट्रॉट जातीची डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी. १८ डिसेंबर १९६९ ला रीगा बंदरात (आता ते लाटव्हियात आहे) नौदलात दाखल झाली, २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त. मग तिला समुद्रातनं ओढून रामकृष्ण बीचवर आणून बसवली आणि ऑगस्ट २००२ मध्ये लोकांना खुली केली. लांबी ९१.३ मीटर, रुंदी साडेसात मीटर. रस्त्यावरनं बघितलं की वाटतं केवढं हे धूड, आणि आत पाऊल टाकलं की ती सगळी जागा गेली कुठं तेच कळत नाही.

बाजूला कापून केलेल्या दारातनं आत घेतात. शिरल्या शिरल्या टॉर्पेडोची खोली, समोर नळ्यांची गोल झाकणं, आणि दोन्ही बाजूला टॉर्पेडोंना खेटून झोपायच्या फळ्या. हे वाचलं होतं, पण बघितल्यावर वेगळंच वाटतं. माणूस कुशीवर वळला तर कोपर टॉर्पेडोला लागणार. ७५ जण होते हो यात, ८ अधिकारी आणि ६७ नौसैनिक. पुढं एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत जायला गोल भोक, आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेलं शरीर. आमच्या बाबांना टेकू द्यावा लागला. डोक्यावर, बाजूला, पायाशी सगळीकडं पाईप, चाकं, घड्याळासारख्या तबकड्या. हात पसरायला जागा म्हणून नाही.

गाईड नौदलातनं रिटायर झालेले होते. त्यांना मी विचारलं, बॅटरी कुठाय, तर म्हणाले तुम्ही उभे आहात त्याच्याखाली. तिथनं पुढं माझं बघणंच बदललं.

टिळकवाडीकर
छान लिहिलंय. पण प्रश्न तोच, फक्त याच्यासाठी एवढ्या लांब जावं का? आपल्याला कारवार जवळ, तिथं टागोर बीचवर आयएनएस चापल ही युद्धनौका ठेवलीय की, सकाळी निघून रात्री परत. आमच्या पोरांना ती दाखवली, खूश झाली. तीच ती कराची जाळलेली बोट ना १९७१ ची?

कंग्राळीकर
टिळकवाडीकर, असं लई जण सांगतात पण चापल ७१ मध्ये नव्हतीच. ती १९७६ ला नौदलात आली आणि २००५ ला निवृत्त झाली. कराचीवर ४ डिसेंबरच्या रात्री गेलेल्या क्षेपणास्त्र नौका निपात, निर्घात आणि वीर, आणि ८ डिसेंबरला परत गेली ती विनाश. चापल त्यांच्याच घराण्यातली, पुढच्या पिढीची. चार क्षेपणास्त्रांची छोटी वेगवान बोट. बघण्यासारखी आहेच, त्यात वाद नाही, पण पाणबुडीशी तिची तुलना कशी करणार, ती पाण्यावरची.

गडवेडा_येळ्ळूर
कुरसुराच्या आधी आलेल्या बहिणींत एक खांदेरी होती हे इथं कुणालाच आठवेना? १९६८ ची आयएनएस खांदेरी. महाराजांनी १६७९ मध्ये थळच्या समोर समुद्रात खांदेरीचं काम काढलं, इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून. त्या जलदुर्गाचं नाव पाणबुडीला दिलं. ती १९८९ ला निवृत्त झाली आणि आता २०१९ पासून त्याच नावाची नवीन पाणबुडी आहे, माझगाव डॉकमध्ये बांधलेली. बेळगावात बसून हे वाचताना छाती फुगतेच राव.

उचगावची_पोर
गडवेडा दादा, तुम्ही कुठल्याही धाग्यावर गड आणताच 😄 (आणा आणा, चालतंय)

पण मला एक कळेना, कुरसुरानंच पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडवली ना? व्हॉट्सॲपवर दर ४ डिसेंबरला फोटोसकट येतंय.

लोंढा_जंक्शन
नाही ताई. गाझी विझागच्याच समोर बुडाली, ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री, त्यामुळं लोक दोन्हीची सरमिसळ करतात. आपलं नौदल श्रेय देतं आयएनएस राजपूतला, ती पाण्यावरची विनाशिका. पाकिस्तान म्हणतं आतल्याच स्फोटानं बुडाली. कुरसुरा त्या वेळी दुसऱ्या बाजूला, अरबी समुद्रात गस्तीवर होती आणि तिनं एकही जहाज बुडवलेलं नाही. यात कमीपणा काय नाही, पाणबुडी आहे कुठं ते समोरच्याला माहीत नसणं हेच तिचं निम्मं काम.

त्याच बीचवर 'व्हिक्टरी ॲट सी' स्मारक आहे ७१ च्या युद्धाचं, कुरसुराला गेलात तर तेपण बघा.

दर्यावर्दी_काका
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातला, नेव्हीत इंजिन खात्यात होतो, ट्रेनिंग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत आणि मग विझागला पाणबुडीच्या शाळेत, सातवाहनला. फॉक्सट्रॉटवर काम केलंय. धागा बगून बरं वाटलं, आपल्याकडं घरटी एक माणूस फौजेत पण मराठा लाईट इन्फंट्रीच्या पुढं कुणाला काय दिसत नाही 😀 पाणबुडीवर होतो म्हटलं की गावात विचारत्यात, म्हणजे काका तुमी काचेतनं मासे बगत होता काय. काच कसली, बाहेरचं काय दिसत नाही, पेरिस्कोप पाण्याबाहेर असंल तेवढंच.

लोंढा भाऊंनी बॅटरीचं बरोबर धरलंय. डिझेल इंजिनाला हवा लागते, पाण्याखाली हवा नाही, म्हणजे बुडी मारली की इंजिन बंद. तिथनं पुढं सगळं बॅटरीवर. मोटर, दिवे, चूल, पंखे, सगळं. फॉक्सट्रॉटमधी ४४८ सेल, ११२ चे चार गट, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी असते तीच शिसं आणि ॲसिडची जात, फकस्त सेल माणसाच्या छातीएवढे उंच. दोन खोल्यांच्या फरशीखाली ते भरलेले. त्यांची देखभाल करायला पालथं पडून सरपटत जायला लागायचं.

बॅटरी उतरली की चार्ज करायला इंजिन पायजे आणि इंजिनाला हवा पायजे, मग एकतर वर या नायतर पेरिस्कोप पाण्याबाहेर निघंल एवढं जवळ येऊन स्नॉर्केल, म्हणजे हवा ओढायची नळी, वर काढा. ते पाण्याबाहेर आलं की शत्रूच्या रडारला सापडायची भीती, वर इंजिनाचा आवाज. म्हणजे आमचं सगळं आयुष्य एकाच हिशोबावर, बॅटरी किती उरली आणि पुढचं चार्जिंग कुठं करायचं. कप्तान रागीट का शांत हे पण बॅटरीवर कळायचं (हे गमतीनं).

निपाणीचा_बाळू
काका एक नंबर 🙏 स्नॉर्केलमध्ये पाणी शिरत नाही काय ओ लाटेचं?

दर्यावर्दी_काका
शिरू नये म्हणून टोकाला झडप असते, लाट आली की ती मिटते. पण इंजिन तर चालूच, ते काय थांबत नाही, मग ते पाणबुडीच्या आतली हवा ओढायला लागतं. आतला दाब एकदम कमी हुतो आणि कान दडे बसत्यात, लाट गेली, झडप उघडली, की परत उलटं. समुद्र खवळलेला असला की रातभर कानांचं हेच. झोपलेला माणूस बी जागा हुतो. नवीन पोरगं असलं की पयल्या दिवशी नाक दाबून फुंकर मारत बसायचं.

मास्तर_चिकोडी
मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आर्किमिडीज शिकवताना पाणबुडीचं उदाहरण देतोच, पण पोरांना पटत नाही की एवढं लोखंड हवं तेव्हा बुडतं आणि हवं तेव्हा वर येतं. सहल काढायचा विचार आहे. तिथं हे प्रत्यक्ष दिसतं का?

दर्यावर्दी_काका
मास्तर, दिसतं पण कुणीतरी दाखवायला लागतं. लोंढा भाऊ म्हणाले ना बाहेरनं मोठी आणि आत जागा नाही, त्याचं उत्तर त्यातच आहे. फॉक्सट्रॉटला दोन कवचं. आतलं जाड, दाब सोसणारं, त्यात माणसं. बाहेरचं पातळ. दोन्हीच्या मधी बॅलास्टच्या टाक्या. टाकीच्या खालनं पाणी यायला वाट, वर हवेची झडप. वरची झडप उघडली की हवा सुटते, खालनं पाणी भरतं, बोट जड हुते आणि खाली जाते. वर यायचं असलं की वरची झडप बंद, आणि दाबून साठवलेली हवा टाकीत सोडायची, पाणी खालनंच बाहेर ढकललं जातं. पाण्यावर तिचं विस्थापन १९५० टन, बुडाल्यावर २४७५ टन, मधला फरक बघून पोरांना गणित घाला.

दाबाचं पण सांगा त्यांना. दर १० मीटरला चौरस सेंटीमीटरमागं साधारण एक किलो वाढतो. अडीचशे मीटरवर २५ किलो. तळहाताएवढी जागा धरा, १०० चौरस सेंटीमीटर, तिच्यावर अडीच टन. फॉक्सट्रॉट त्याच्या पण खाली जायची.

उचगावची_पोर
तळहातावर अडीच टन 😳 मी घरीच बरी.

काका, अडकली तर बाहेर पडायला काय सोय? मला तर लिफ्टमध्ये पण घाबरायला होतं.

दर्यावर्दी_काका
टॉर्पेडोची नळी. खरंच सांगतो. नळीचा व्यास ५३३ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन फूट. सुटकेचा सूट घालून, श्वासाची पिशवी लावून त्या नळीत सरपटत शिरायचं, मागचं झाकण बंद करायचं, नळीत पाणी भरायचं, दाब बाहेरच्याइतका झाला की पुढचं झाकण उघडायचं आणि वर. ट्रेनिंगला हे करून घेत्यात. कुरसुराला गेलासा की ती नळी नीट बगा, खांदे आत मावतील काय ते मनात मोजा, मग कळंल. एकूण १० नळ्या, ६ पुढं ४ मागं. आणि २२ टॉर्पेडो.

भीतीचं म्हणशील तर बुडायची भीती कमीच, वासाची आणि आगीची जास्त. चार्जिंगला बॅटरीतनं हायड्रोजन सुटतो, हवेत चार टक्क्यांच्या वर गेला की ठिणगी पुरे. त्यामुळं हायड्रोजनचा आकडा सारखा बगायचा. आणि समुद्राचं खारं पाणी बॅटरीच्या ॲसिडपर्यंत पोचलं तर क्लोरीन. म्हणून बॅटरीच्या खोलीत थेंब जरी दिसला तरी सगळी बोट जागी.

टिळकवाडीकर
एवढं सगळं प्रत्येकाला माहीत असायचं का? की ज्याचं त्याचं खातं?

दर्यावर्दी_काका
प्रत्येकाला. स्वयंपाक्याला पण. छातीवर डॉल्फिनचा बिल्ला असतोय बगा पाणबुडीवाल्यांच्या, तो असाच मिळत नाही. प्रत्येक पाईप कुठनं येतो, कुठं जातो, कुठली झडप अंधारात हाताला कुठं लागते, सगळं काढून दाखवायचं, तोंडी परीक्षा, मग बिल्ला. कारण आग लागली किंवा पाणी घुसलं की मधली दारं बंद करत्यात, त्या खोलीत जो असंल त्यानंच निस्तरायचं. बाहेरनं कुणी येत नाही.

लोंढा_जंक्शन
काका तुम्ही हे लिहिताय म्हणून सांगतो, आमच्या गाईडनी तेच केलं. इंजिनच्या खोलीत नेऊन माझ्या पोराला डोळे मिटायला लावले आणि म्हणाले आता तुझ्या उजव्या हाताला काय आहे सांग. पोरगं चाचपडायला लागलं, मागं उभ्या असलेल्या तेलुगू आज्जी हसायला लागल्या. तीन डिझेल इंजिनं आहेत तिथं, प्रत्येकी दोन हजार अश्वशक्ती, मधनं जायची वाट इतकी अरुंद की समोरनं कुणी आलं तर दोघांनी पोट आत घ्यायचं. त्या खोलीत इंजिनं चालू असताना उकाडा किती आणि आवाज किती, याचा मी विचारच करू शकलो नाही.

त्यामुळं माझा सल्ला एकच, गर्दी नसताना जा. रांग लांब असली की मागचे ढकलतात, गाईडला बोलायला सवड नाही, आणि मग खरंच पाच मिनिटांत बाहेर येता. जुन्या धाग्यावरच्या त्या भाऊंचं तसंच झालं असणार. नुसतं लवकर जाऊन भागत नाही, गाईडला काहीतरी विचारायला पायजे. विचारलं की ती माणसं खुलतात. वस्तू लोखंडाची आहे हो, जीव त्या माणसांच्या बोलण्यात आहे, आणि फॉक्सट्रॉटवर नोकरी केलेली माणसं काय नवीन तयार होणार नाहीत. आपली शेवटची फॉक्सट्रॉट, आयएनएस वागली, तीसुद्धा २०१० ला निवृत्त झाली.

कंग्राळीकर
हे पटलं. माझी शंका वेगळी आहे. लोखंड समुद्रकाठी किती वर्षं टिकणार? जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजाचं काय झालं बघितलं आपण. १९९७ ला निवृत्त, मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती, २०१२ ला लोकांना बंद केली आणि २०१४ ला भंगारात. लहानपणी बघितलेली, आता फोटोच. रशियन फॉक्सट्रॉट अमेरिकेत सॅन दिएगोला पण होती एक, बी-३९, तीपण गंजून गेली म्हणून २०२२ ला काढून टाकली. जपणं म्हणजे नुसतं उभं करणं नव्हे, दरवर्षी पैसा ओतायला लागतो.

गडवेडा_येळ्ळूर
विक्रांतचं नाव काढू नका, अजून राग येतो. पाण्यात उभी ठेवली की तळ गंजतो, कुरसुरा निदान वाळूवर, कोरड्यात आहे, खालनं रंग मारता येतो. पण खारी हवा चुकत नाहीच. आपल्याकडं जलदुर्गांची तटबंदी साडेतीनशे वर्षं उभी आहे आणि लोखंड पन्नास वर्षांत हात टेकतं.

लोंढा_जंक्शन
कंग्राळीकर, खरंय, पण कुरसुराची ठेवण बरी वाटली मला. आतलं बरंचसं मूळचं आहे, काढून टाकून काचेच्या कपाटात नाही ठेवलं. आणि एक गोष्ट मला भारी वाटली, नौदलाच्या खास दिवशी चालू जहाजांना पताका लावून सजवतात तसा मान कुरसुराला अजून आहे. निवृत्त जहाजाला सहसा तो मिळत नाही.

रस्त्याच्या पलीकडं टीयू-१४२ विमानाचं म्युझियम आहे, २०१७ पासून, पाणबुड्या शोधायचं काम करणारं अवाढव्य विमान. आधी पाणबुडी बघायची, मग रस्ता ओलांडून तिला हुडकणारं विमान बघायचं. असं जोडून दाखवलं की पोरांच्या डोक्यात बसतं. तसलंच एक आता कारवारला चापलच्या शेजारी पण आणून ठेवलंय.

मास्तर_चिकोडी
म्हणजे माझं असं ठरतंय. सातवी-आठवीला कारवार, चापल आणि विमान, एका दिवसात. नववीच्या मोजक्या पोरांना विझाग. पालक खर्चाचं विचारतीलच, त्यामुळं रेल्वेनंच. आपल्याकडून सरळ गाडी आहे का की हुबळीला बदलायची?

निपाणीचा_बाळू
मास्तर अमरावती एक्सप्रेस बघा, वास्कोहून येते आणि लोंढा, हुबळी, गुंतकल, विजयवाडा करत विझागला. रोज नाही, आठवड्यातले ठराविक दिवस. प्रवास मोठा आहे, पोरांना जेवणाची बोचकी बांधून न्या, आणि येताना लोंढ्यालाच उतरायचं असल्यानं घरची गाडी सांगून ठेवा. मावशी विझागला असते म्हणून माहीत. जाताना कुंदा नेला की तिकडचे लोक लई खूश.

उचगावची_पोर
गुडघेदुखीवाल्यांना जमतं का ओ? आईला न्यायचं म्हणते. तिचे मामा नेव्हीत होते, तिला फार हौस.

लोंढा_जंक्शन
ताई, चढायला उतरायला जिने आहेत आणि आत ती गोल दारं, पाय उचलून वाकून जायला लागतं. आमचे बाबा सत्तरीचे, त्यांना जमलं पण दोघांनी धरून. गुडघा फारच दुखत असला तर बाहेरनं बघू दे आणि समोरच्या विमानात न्या, तिथं एवढं वाकावं लागत नाही. एक मात्र, मध्येच परत फिरता येत नाही, मागनं लोक येत असतात, सुरू केलं की शेवटच्या दारापर्यंत जायलाच लागतं. त्यामुळं आत जायच्या आधीच ठरवा.

दर्यावर्दी_काका
आईंना सांग, पहिल्या दाराशी आधी पाठ टेकायची, मग दुखरा पाय आधी घालायचा, चांगला पाय मागं टेकायला ठेवायचा. वरचा पाईप धरायचा नाही, डोकं आपटतं. आमी घाईत पळताना दोन्ही हातांनी वरची कड धरून पाय आधी भिरकावून जायचो, तसलं काय करू नका म्हणावं.

मास्तर, पोरांना घेऊन जायच्या आधी एक दिवस शाळेला बोलवा, येतो मी. टाकी आणि झडपेचं बादलीत करून दाखवू, बाटली आणि नळी लागंल फक्त.

मास्तर_चिकोडी
काका, कधीही या, गाडी पाठवतो खानापूरला. नंबर व्यक्तिगत निरोपात देतो. रिझर्वेशन दिवाळीच्या सुट्टीनंतरचं बघतो म्हणजे गर्दी कमी.

लोंढा_जंक्शन
मास्तर, सोमवारी बंद असतं तेवढं धरून तिकीट काढा, आणि वेळा निघायच्या आधी फोन करून विचारून घ्या.